दप्तरातले नाव

कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की बार्देस मागे पडतो आणि पेडणे महाल सुरू होतो. उत्तरेस तेरेखोलचे पात्र, त्यापलीकडे सावंतवाडीचा मुलूख, आणि या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात डोंगरउतारावरच्या काजूच्या बागा, सखल भागातली भातशेते आणि माडांच्या आडोशाला वसलेले वाडे. पेडणे कसब्यात श्रीभगवतीचे पुरातन देवालय आहे आणि त्याच्या प्रवेशाशी दोन्ही अंगांस काळ्या दगडाचे दोन हत्ती उभे आहेत. कोजागिरीच्या रात्री, ज्या उत्सवाला सारा मुलूख ‘पेडण्याची पुनव’ म्हणून ओळखतो त्या निमित्ताने, मी तेथे गेलो असता, ज्या घरी उतरलो होतो त्या घरच्या वृद्ध यजमानांनी पत्र्याच्या पेटीतून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. तो जमिनीचा एक-चौदाचा उतारा होता. घड्यांच्या रेघांवर तो विरत चालला होता आणि एका कोपऱ्याला हळदीचे बोट लागलेले दिसत होते. कुळाच्या रकान्यात एक नाव होते, त्यावर बोट ठेवून ते इतकेच म्हणाले, ‘हो माजो बापूस.’ बापाची तसबीर दाखवावी तसा तो कागद त्यांनी मला दाखविला. घरात दुसरी तसबीर नव्हतीच.

मनुष्याचे नाव कोणत्या दप्तरात, कोणत्या रकान्यात आणि कोणाच्या नावाखाली लिहिले जाते यावरून त्याची समाजातील पायरी ठरते, ही गोष्ट पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसेल. ज्यांची नावे दप्तरात नव्हतीच, किंवा असली तर आईच्या नावाखाली, धन्याच्या नावाखाली, देवळाच्या चाकरीखाली होती, त्यांनी ती स्वतःच्या नावाने कशी लिहवून घेतली, त्याची ही हकीकत आहे.

हे दोन्ही महाल पोर्तुगीज अंमलाखाली आले ते फार उशिरा. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी हे जुन्या काबिजादीचे प्रदेश सोळाव्या शतकातच गेले होते, परंतु भतग्राम म्हणजे डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या हाती आले. पहिल्या दोन शतकांतील धर्मांतराचा आवेश तोवर ओसरला होता. नव्या प्रजेच्या देवस्थानांस आणि रीतिरिवाजांस हात लावणार नाही असे वचन राज्यकर्त्यांनी दिले आणि ते बव्हंशी पाळलेही. त्या वचनाने देवळे वाचली, हे उपकारच म्हटले पाहिजेत. परंतु रीतिरिवाज या एका शब्दाखाली जे जे येत होते तेही सारे त्याच वचनाने अबाधित राहिले. देसाई आणि मोकासदार आपापल्या जागी राहिले. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला तर पोर्तुगालच्या राजाने पुढे व्हिस्काउंट हा किताब दिला. भाटकार, म्हणजे जमिनीचा धनी, भाटकार राहिला आणि त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार मुंडकारच राहिला. देवळाच्या आवारात जन्मलेली मुलगी देवळाचीच राहिली.

या शेवटच्या वर्गाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे त्याविषयी एकतर कुजबुजीने बोलले जाते किंवा गाण्याच्या मैफलीपुरते गौरवाने. गोव्याच्या देवस्थानांच्या चाकरीत कलावंत होते, भाविणी होत्या, देवळी होते. कलावंतिणीने देवापुढे आणि पालखीपुढे गायन-नर्तन करावे. भाविणीने देवळाची झाडलोट करावी, दिवे उजळावे, चवरी ढाळावी. देवळ्याने मशाल धरावी, वाद्ये वाजवावी. याखेरीज मोठ्या घराण्यांच्या वाड्यांत राबणारे बांदे होते आणि त्या घराण्यांतील पुरुषांची, लग्नाबाहेर जन्मलेली संतती म्हणजे फर्जंद होते. हे दोन्ही शब्द फारशीतून आलेले. ‘बंदा’ म्हणजे सेवक हे तर उघडच आहे, परंतु ‘फर्जंद’ याचा मूळ अर्थ केवळ पुत्र असा असून, आमच्या मुलखात तो शब्द अशा पुत्रासाठी रूढ झाला की ज्याला बापाचे घर, बापाची पंगत आणि बापाचे नाव यांपैकी काहीच मिळावयाचे नव्हते. एखाद्या समाजाने ‘पुत्र’ या शब्दाचाच अर्थ असा फिरवावा, यात त्या समाजव्यवस्थेची सगळी कुंडली आली आहे.

कलावंत कन्या वयात येण्याच्या सुमारास तिचा शेंसविधी होई. लग्नाचा सगळा थाट असे, मात्र नवरदेवाच्या जागी पुरुषवेश केलेली दुसरी मुलगीच उभी राही. यानंतर ती कोणाची पत्नी होऊ शकत नसे. एखाद्या उच्चवर्णीय धनिकाचा आश्रय तिला मिळे, त्याला ‘यजमान’ म्हणत, आणि त्या संबंधातून झालेली मुले आईच्या घरी, आईच्या जातीत, आईच्या नावाने वाढत. बाप त्याच गावात, कित्येकदा त्याच वाड्यात राहत असे. मुलाला तो कोण हे ठाऊक असे, गावाला ठाऊक असे, देवळातल्या पुजाऱ्याला ठाऊक असे. फक्त दप्तराला ते ठाऊक नसे.

आईच्या स्थितीवरून मुलाची स्थिती ठरावी हा नियम मी प्रथम जेथे कायद्याच्या भाषेत वाचला ते ठिकाण मात्र पेडण्यापासून समुद्रापार आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली असा कायदा केला की, तेथे जन्मणारे मूल गुलाम की स्वतंत्र, याचा निर्णय आईच्या स्थितीवरून व्हावा. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मूल बापाचे वळण घेत असे. तो नियम तेथे मुद्दाम उलटा करण्यात आला, कारण गोऱ्या मळेवाल्यांपासून आफ्रिकी गुलाम स्त्रियांना मुले होत होती आणि ती मुले बापाच्या बाजूने मोजली तर मळ्यावरचा एक एक गुलाम कमी झाला असता. नियम उलटा झाल्यामुळे बापाचे अपत्य बापाचीच मालमत्ता झाले. फ्रेडरिक डग्लस हा पुढे जगद्विख्यात झालेला कृष्णवर्णीय वक्ता अशाच एका मातेच्या पोटी मेरीलँडमध्ये जन्मला. आपला बाप गोरा होता, एवढेच त्याला ठाऊक होते. तो आपला धनीच असावा अशी कुजबुज त्याच्या कानी आली होती. १८३८ साली पळून जाऊन तो स्वतंत्र झाला तेव्हा त्याने ‘बेली’ हे जुने आडनाव टाकले आणि ‘डग्लस’ हे नवे घेतले.

या दोन व्यवस्था सारख्याच होत्या असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. कलावंतीण बाजारात विकली जात नव्हती, तिला चाबकाखाली कापूस वेचावा लागत नव्हता, तिला घर होते, दागिने होते, आईकडून लेकीकडे जाणारी मालमत्ता होती आणि जी विद्या तत्कालीन कुलस्त्रियांना वर्ज्य होती ती तिला लहानपणापासून मिळत होती. तरीही ज्या सांध्यावर दोन्ही व्यवस्था उभ्या होत्या तो एकच होता: वरच्या थरातील पुरुषाला खालच्या थरातील स्त्रीपासून मूल व्हावे आणि ते मूल खालीच राहावे. वर्ण कातडीवरून ओळखला काय किंवा आडनावावरून ओळखला काय, हा सांधा निखळू न देण्याची काळजी दोन्हीकडे सारख्याच दक्षतेने घेतली गेली. खुद्द गोव्यातही आफ्रिकेहून, विशेषतः मोझांबिकहून, आणलेले काळे गुलाम शतकानुशतके होते; पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे वंशाची उतरंड आणि जातीची उतरंड या दोन्ही या लहानशा भूमीने एकाच वेळी पाहिल्या आहेत.

पेडणे महालातील मालपे या गावी १८८३ साली एका कलावंत घराण्यात अंजनीबाईंचा जन्म झाला. अंजनीबाई मालपेकर म्हणून पुढे सारा हिंदुस्थान त्यांना ओळखू लागला. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांच्यापाशी त्यांनी मुंबईत तालीम घेतली, विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या गाण्याचा आणि सौंदर्याचा एवढा बोलबाला होता की राजा रविवर्म्याने त्यांना समोर बसवून चित्रे काढली. पुढे त्यांनी मैफलींतून गाणे सोडले आणि शिकविणे पत्करले. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. मालप्याच्या देवळापासून दिल्लीच्या सन्मानापर्यंतचे अंतर एका आयुष्यात तोडलेली ही स्त्री, तिच्या गावी तिच्या नावाचा जसा उच्चार व्हावा तसा आज होत नाही, याचे मला वाईट वाटते.

अंजनीबाई एकट्या नव्हत्या. फोंडे महालातील केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ, या सगळ्यांच्या आडनावांकडे पाहावे: मालपेकर, केरकर, कुर्डीकर, मंगेशकर. गावावरून आडनाव घेण्याची चाल गोव्यात सर्वच जातींत आहे हे खरे. परंतु ज्याला बापाचे आडनाव लावण्याची मुभाच नव्हती त्याच्या तोंडी या ‘कर’ प्रत्ययाला निराळे वजन येते. बापाने नाव नाकारले, तेव्हा गावाचे नाव घेतले. आणि मग ते गाव त्या नावाने जगाला माहीत झाले. केसरबाईंची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. केरी हे नाव त्यापूर्वी फोंड्याच्या बाहेर कितीजणांनी ऐकले होते?

ही सारी माणसे वर चढली ती शिडी मुंबईची होती, हे नोंदवून ठेवले पाहिजे. गोव्यात जो ओळखला जाई तो मुंबईत अनोळखी होई, आणि अनोळखी असणे हीच पददलिताची पहिली मोकळीक असते. नाटक कंपन्या, शिकवण्या, गिरगावातल्या बैठकी, ध्वनिमुद्रिकांचा नवा धंदा, यांनी विद्येचे मोल रोख पैशांत दिले. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय ज्या काळात गाडीत बसून शिकागो आणि न्यूयॉर्क गाठू लागले होते, त्याच काळात आमच्याकडून माणसे आगबोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरत होती.

परंतु वैयक्तिक उत्कर्ष ही एक गोष्ट आणि समाजाचा उत्कर्ष ही दुसरी. १९१० साली पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, आणि त्या शासनाने हिंदूंना ख्रिस्ती प्रजेच्या बरोबरीचे नागरिक हक्क दिले. गोव्यातील हिंदू समाजात जी जागृती झाली ती त्या क्षणापासून. ती वरच्या जातींत झाली तशीच खालच्या थरांतही झाली, आणि खालच्या थरांना लगेच उमगले की, हिंदू आणि ख्रिस्ती समान झाले म्हणून हिंदू आणि हिंदू समान होत नाहीत. काणकोण महालातल्या पैंगीणचे राजाराम रंगोजी पैंगणकर यांनी देवळाच्या चाकरीतील आपल्या लोकांची एकजूट करण्याचा ध्यास घेतला. मुलींचे शेंस थांबवा, लग्ने लावा, मुलांना शाळेत घाला, देवळांतली हलकी कामे सोडा, असे त्यांचे सांगणे असे. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ‘मी कोण?’ या दोन शब्दांच्या शीर्षकाइतके नेमके शीर्षक मराठी आत्मचरित्रांत मला आठवत नाही. डग्लसने आडनाव बदलताना मनाशी हाच प्रश्न विचारला असेल.

एकोणीसशे वीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या समाजाची संस्था उभी राहिली, ‘समाजसुधारक’ नावाचे मासिक १९२९ पासून निघू लागले, आणि कलावंत, भाविणी, देवळी, बांदे, फर्जंद अशी जी नाना नावे दुसऱ्यांनी दिली होती ती सर्व टाकून ‘गोमंतक मराठा’ हे एकच नाव स्वतःहून घेण्यात आले. दुसऱ्याने ठेवलेले नाव टाकून स्वतः ठेवलेले नाव घेणे याला कोणी केवळ शब्दांचा खेळ म्हणेल. मला तसे वाटत नाही. शाळेच्या पटावर, लग्नपत्रिकेवर, न्यायालयाच्या समन्सावर ते नाव यावे लागते, आणि तेथे ते यावे म्हणून घराघरांतून भांडावे लागते. शेंस बंद करणे म्हणजे त्या घराचे उत्पन्न बंद करणे होते, आणि ते बंद करण्याचा निर्णय ज्या आयांनी घेतला त्यांची नावे कोणत्याही इतिवृत्तात नाहीत. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. या आया त्याआधीपासून आपल्या लेकींना शाळेत पाठवीत होत्या.

अमेरिकेचा संदर्भ मी येथे ओढूनताणून आणलेला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केली. म्हणजे शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि निग्रोंचे दुःख यांची सांगड मराठीत तरी दीडशे वर्षांपूर्वीच घातली गेली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. दुबॉय यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाच्या प्रती मागविल्या, आणि दुबॉय यांनी आस्थेने उत्तर दिले. त्याच दुबॉय यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात जे सिद्ध केले होते ते पेडणे-डिचोलीच्या कुळांना लागू पडणारे होते. दास्यमुक्त झालेल्या मनुष्याला मताचा हक्क आणि शाळा हवीच, परंतु पायांखाली जमीन नसेल तर तो हक्क पुन्हा हिरावला जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ च्या जानेवारीत, उत्तरेच्या जनरल शर्मनने समुद्रकाठची जप्त जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला, हजारो कुटुंबे तीवर बसली, नांगर चालले. आणि वर्ष सरण्यापूर्वीच अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देवविली. नांगरलेल्या शेतातून त्या लोकांना उठविण्यात आले. पुढील शंभर वर्षांचे त्यांचे दैन्य त्या एका हुकमात पेरलेले आहे.

आता डिचोलीकडे वळू. पितळी समया घडविणाऱ्या कारागिरांचे आणि कुंभारांचे हे गाव. जवळच नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. शिरगावला लईराईची जत्रा, जिच्या होमकुंडातून धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त चालत जातात. या महालाच्या डोंगरांच्या पोटात लोहखनिज होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलादी कारखान्यांना ते हवे झाले. १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाप्रमाणे खाणीचे परवाने मिळत. भाटे वंशपरंपरेने मिळत असत, परंतु खाणीचा परवाना अर्ज करील त्याला, पैसा उभा करील त्याला आणि धाडस करील त्याला मिळू शके. जुन्या उतरंडीत पडलेली ही पहिली मोठी भेग. टोपल्या डोक्यावर घेऊन लाल मातीत रापलेल्या बायकांना त्या भेगेतून फारसे काही मिळाले नाही, मजुरीच मिळाली. परंतु परवानाधारकांत काही नवी नावे दिसू लागली.

त्यांत एक नाव दयानंद बाळकृष्ण बांदोडकर हे होते. त्यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यास झाला, गोमंतक मराठा समाजात. ज्या कसब्यात व्हिस्काउंटांचा वाडा होता त्याच कसब्यात हा मुलगा वाढला. खाणधंद्यात त्यांनी संपत्ती मिळविली, आणि मिळविलेली संपत्ती ज्या हाताने आली त्याहून सैल हाताने वाटली. शाळा, देवळे, विद्यार्थी, खेळाडू, गवई, कोणी विन्मुख गेला नाही अशी त्यांची कीर्ती होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज अमदानीत मताचा हक्क शिक्षणाने आणि कराने मर्यादित केलेला. आता प्रथमच प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला तो मिळाला. ६ मार्च १९६३ रोजी बांदोडकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरला निवडणूक झाली.

त्या निवडणुकीत काँग्रेसने उमेदवार उभे केले ते बहुधा मोठ्या घराण्यांतले, स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई असलेले, सुशिक्षित. भाटकाराने सांगितले की मुंडकार मत देणार असा हिशेब असावा. पण मुंडकाराने मतपेटीशी एकट्याने उभे राहून, पडद्याआड, कोणाच्या अंगणातून हाकलले जाण्याच्या भीतीविना, मगोच्या सिंहाच्या चिन्हावर शिक्का मारला. गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. मगो पक्ष आणि त्याचे मित्र यांना तिसांपैकी सोळा मिळाल्या. २० डिसेंबर १९६३ रोजी कलावंत समाजातला, पेडण्याचा, भाऊसाहेब बांदोडकर गोवा, दमण आणि दीवचा पहिला मुख्यमंत्री झाला. अमेरिकेत त्याच वर्षीच्या ऑगस्टात मार्टिन ल्युथर किंग वॉशिंग्टनच्या मोर्चापुढे बोलले होते, आणि दक्षिणेतील काळ्या माणसाला निर्वेधपणे मत देता यावे असा कायदा होण्यास तेथे १९६५ साल उजाडावे लागले.

गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या प्रश्नावर मात्र बांदोडकर हरले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूने. त्या कौलाची चर्चा आजवर भाषेच्या अंगाने फार झाली. माझे मत असे की, विलीनीकरणाला मत देणाऱ्या पुष्कळांच्या मनात भाषेइतकाच कुळकायदा होता. मुंबईच्या राज्यात कुळाला संरक्षण मिळाले आहे, हे मुंबईला नातलग असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक होते. कौलानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसविले, यावरून तरी विलीनीकरण आणि बांदोडकर हे लोकांच्या मनात एकच नव्हते हे दिसते.

कुळाची स्थिती काय होती ती समजून घेतली पाहिजे. सरदीचे म्हणजे पावसाळी आणि वायंगणाचे म्हणजे उन्हाळी पीक काढणारा जो, त्याने कित्येक ठिकाणी निम्मे धान्य मळणीच्या खळ्यावरच भाटकाराला मोजून द्यावयाचे. लेखी करार नाही, पावती नाही. भाटकाराच्या घरी लग्न निघाले की कुळाने मांडव घालावा, मुंडकाराच्या बायकोने अंगण सारवावे. ‘नाही’ म्हटले तर झोपडीच्या दाराशी असलेला माडही तिचा नव्हता. १९६४ च्या कूळकायद्याने खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापुरता मर्यादित केला आणि कुळाला मन मानेल तेव्हा उठविण्याची वाट बंद केली. त्यानंतर जमिनीची मोजणी झाली, हक्कांची नोंदवही तयार झाली, आणि तिच्या एक-चौदाच्या नमुन्यात कब्जेदाराच्या रकान्याशेजारी कुळाचा स्वतंत्र रकाना आला. ज्या दिवशी सर्वेक्षणाचा कारकून बांधावर उभा राहून ‘हे शेत कोण करतो?’ असे विचारू लागला, त्या दिवशी गोव्याच्या खेड्यांत जी क्रांती झाली तिचा आवाज कोणी ऐकला नाही. कित्येक भाटकारांनी आपल्या माणसांना आधीच दटावून ठेवले होते. कित्येक कुळांनी भिडेपोटी आपले नाव सांगितले नाही, आणि त्यांची नातवंडे आजही त्या न सांगितलेल्या नावासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवीत आहेत.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब वारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांचाही जन्म पेडण्याचा, आणि विधानसभेत त्या डिचोलीच्या प्रतिनिधी होत्या. ज्या समाजातल्या मुलीचे लग्न दोन पिढ्यांपूर्वी लावता येत नव्हते, त्या समाजातील कन्या सरकारची प्रमुख झाली. त्यांच्याच कारकिर्दीत १९७५ साली मुंडकार संरक्षणाचा कायदा झाला, ज्यामुळे मुंडकाराला राहत्या घरातून काढता येईनासे झाले आणि खेड्यात घराभोवतालच्या ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. आणि १९७६ साली कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती झाली, जिने कसणाऱ्या कुळाला त्या जमिनीचा खरेदीदार ठरविले. भाटकार न्यायालयात गेले, प्रकरण पुष्कळ वर्षे चालले. परंतु शर्मनचा हुकूम जसा वर्षभरात फिरविला गेला तसा हा फिरविता आला नाही, कारण येथे ज्यांना जमीन मिळाली तेच मतदारही होते आणि त्यांच्यातलेच लोक सरकारात बसले होते.

गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, १९६२ साली पणजीत पहिले कला-विज्ञान महाविद्यालय निघाले, आणि कुळाची मुले शिक्षक, तलाठी, कारकून, परिचारिका झाली. हे वर्णन एका वाक्यात आटोपते, परंतु ते वाक्य जगण्यास एक पिढी लागली.

सगळेच वर आले असे नाही. गावकुसाबाहेरच्या महारवाड्याला कुळकायद्याने फारसे दिले नाही, कारण जो मुळात कूळच नव्हता त्याचे नाव कुळाच्या रकान्यात कसे येणार? गावडे, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडले. आणि डिचोली महालातील मये गावची गोष्ट तर अगदी निराळी. तेथली बहुतेक जमीन मयेच्या काउंटची. मुक्तीनंतर तो घराणेदार पोर्तुगालला निघून गेला आणि त्याची मालमत्ता स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताबेदाराकडे गेली. मुक्त गोव्यात अर्ध्या शतकाहून अधिक काळ मयेकरांनी घरे बांधली, शेते केली, मुले वाढविली ती परक्या मालकाच्या आणि सरकारी ताब्याच्या नावाखाली. घराची भिंत खचली तरी दुरुस्तीला परवानगी, आणि परवानगीला आधार दाखवावा तर दप्तरात त्यांचे नाव नाही. अखेर २०१४ साली मालकी, किताब आणि जमिनींच्या बक्षिसांचे उच्चाटन करणारा कायदा झाला, आणि त्यानंतर मयेत सनदा वाटण्यास आरंभ झाला. सनद हा शब्द पूर्वी देशमुखांच्या आणि मोकासदारांच्या घरांतच ऐकू येई.

पेडण्याच्या त्या घरी, पुनवेच्या पहाटे, वृद्ध यजमानांनी तो उतारा पुन्हा घडी घालून पेटीत ठेवला. पेटीच्या तळाशी आणखी एक कागद होता. तो त्यांच्या आजीचा. त्यावर काय आहे असे मी विचारले. ते म्हणाले, देवळाच्या चाकरीचा आहे, त्यात आजीचे नाव नाही, नुसते ‘भाविणी असामी एक’ असे लिहिले आहे. दोन्ही कागद त्यांनी एकाच फडक्यात बांधले, पेटीला कुलूप घातले आणि किल्ली जानव्यासारख्या गळ्यात घातलेल्या काळ्या दोऱ्याला अडकविली.